उपनिधी: घरातल्या गोपनीय कागदांच्या शेवटाविषयी

घरात वर्षानुवर्षे साठलेल्या गोपनीय कागदांचे शेवटी काय करावे, हा प्रश्न वरकरणी आवराआवरीचा दिसत असला तरी त्याच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. ज्या कागदावर दुसऱ्या माणसाचे कर्ज, आजार, जन्म, जात किंवा अंगठा उमटलेला आहे, तो ज्याच्या कपाटात पडून आहे त्याच्याच मालकीचा असतो काय, आणि नसेल तर तो नाहीसा करण्याचा अधिकार त्याला कोणत्या अटींवर मिळतो, असा तो प्रश्न होय. ज्यावरील मजकूर परक्याच्या हाती पडल्यास त्यात नोंदलेल्या व्यक्तीच्या पैशाला, अब्रूला किंवा हक्काला धक्का पोहोचू शकतो, अशा प्रत्येक घरगुती कागदाला येथे गोपनीय म्हटले आहे. असे कागद चुलीत, पाणी तापवण्याच्या बंबात, अंगणातल्या शेकोटीत किंवा होळीत टाकून मोकळे होण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते, आणि तिच्यामागे काही वाईट हेतू असतो असे नाही. तरीही तिचा पुनर्विचार व्हायला हवा, कारण गोपनीय कागद ही एक ठेव आहे, आणि ठेवीची सांगता करताना ठेवणाऱ्याचे गुपित व सर्वांची सामाईक हवा आणि पाणी या दोहोंचीही जपणूक करणे हे घरधन्याचे कर्तव्य ठरते.

हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात विशेष स्पष्टपणे दिसतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा हा धानाचा व तलावांचा मुलूख असून येथील शेतकरी कुटुंबाच्या घरी कागद येतो तो मुख्यतः धानाच्या वाटेने. आधारभूत किमतीने होणाऱ्या धान खरेदीसाठी सातबारा उतारा, आधार कार्डाची छायाप्रत, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि शेतीत वाटा असलेल्यांची संमतिपत्रे अशी चळतच दरवर्षी तयार होते. तिच्यात सोसायटीच्या पीककर्जाची कागदपत्रे, तेंदूपत्ता संकलनाच्या नोंदी, वनहक्काच्या दाव्यासाठी काढलेल्या वंशावळी, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आणि दवाखान्याचे अहवाल यांची भर पडत जाते. एकेका कामासाठी चार-चार प्रती काढल्या जात असल्याने मूळ कागद एक आणि त्याच्या सावल्या अनेक अशी स्थिती होते. त्यांतील एखादी सावली रद्दीत जाऊन शेंगदाण्याची पुडी बांधण्यासाठी वापरली गेली, तर तिच्यावरचा खातेक्रमांक आणि सही पुडी सोडणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांसमोर येते.

या चळतीत घराबाहेरच्या माणसांचे कागद किती असतात, हे बचत गटाच्या दप्तराकडे जवळून पाहिल्यास लक्षात येते. दहा ते वीस स्त्रिया एकत्र येऊन दरमहा ठरावीक रक्कम जमा करतात आणि गरजेप्रमाणे आपसांत कर्ज देतात, त्या मंडळीला बचत गट म्हणतात. गटाची नोंदवही बहुधा अध्यक्ष किंवा सचिव असलेल्या स्त्रीच्या घरी, लुगड्यांच्या पेटीत किंवा देव्हाऱ्याखालच्या फळीवर असते. तिच्यात कोणी कोणत्या महिन्यात हप्ता चुकवला, कोणी कर्जासाठी मुलीच्या लग्नाचे कारण लिहिले आणि कोणी नवऱ्याच्या दारूपायी झालेल्या देण्याचे, कोणाची सही आहे आणि कोणाचा निळसर, पुसट अंगठा, हे सारे ओळीने लिहिलेले असते. वही भरली, हिशेब तपासला गेला, नवी वही सुरू झाली, की जुनी वही ज्या घरात आहे त्या घराचीच झाली असे मानले जाते. वास्तविक तिच्यातली एकेक ओळ एकेका बाईने विश्वासाने दुसरीच्या हाती सोपवलेली असते, आणि वही भरल्याने तो विश्वास संपत नाही.

अशा सोपवणुकीसाठी भारतीय व्यवहारशास्त्राने, म्हणजे देण्याघेण्याच्या तंट्यांचा विचार करणाऱ्या शास्त्राने, फार पूर्वी एक नेमकी कल्पना घडवली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवींचा स्वतंत्र विचार आहे. जी वस्तू मोजून, दाखवून दुसऱ्याकडे ठेवली जाते तिला निक्षेप म्हणतात, तर जी आत काय आहे हे न सांगता बंद करून, मोहोर लावून सोपवली जाते तिला उपनिधी किंवा औपनिधिक म्हणतात. उपनिधी जशी आली तशीच परत गेली पाहिजे, ती उघडून पाहण्याचा किंवा वापरण्याचा हक्क सांभाळणाऱ्याला नाही, मात्र राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी पळवली तर दोष त्याच्याकडे जात नाही, असा या नियमांचा आशय आहे. दुसऱ्याविषयीची माहिती असलेला कागद हा या अर्थाने उपनिधीच होय, कारण त्याचे मोल कागदात नसून आत बंद असलेल्या मजकुरात असते. फरक इतकाच, की सोन्याची पुरचुंडी परत करता येते, तर एकदा कळलेली माहिती परत करता येत नाही, आणि म्हणून कागदी उपनिधीच्या बाबतीत परतफेडीची जागा निःशेष नाशाने घ्यावी लागते. प्राचीन नियमाने चोरीचा दोष सांभाळणाऱ्याला लावला नाही, हे खरे. पण ज्याने ठेव स्वतःच उकिरड्यावर टाकली त्याला ही सूट मागता येणार नाही.

मराठी परंपरेत घरगुती कागदाच्या नाशाचा सर्वांत अर्थगर्भ प्रसंग तुकोबांच्या चरित्रात आहे. देहूच्या मोरे घराण्यात सावकारी होती आणि लोकांनी लिहून दिलेली कर्जखते, म्हणजे घेतलेल्या कर्जाच्या कबुलीचे कागद, घरात होते. सतराव्या शतकातील तिसऱ्या दशकाअखेरीच्या मोठ्या दुष्काळानंतर, घरची माणसे अन्नावाचून गेलेली पाहिल्यावर, तुकोबांनी ही खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते आणि महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या संतचरित्रांतून ती कथा घरोघरी पोहोचली. या कथेतला कळीचा तपशील असा, की धाकटे बंधू कान्होबा यांनी प्रपंचाची अडचण पुढे केल्यावर खतांचे दोन वाटे झाले, कान्होबांचा वाटा त्यांच्याकडे राहिला आणि तुकोबांनी फक्त आपला वाटा पाण्यात सोडला. त्यागाच्या ऐन क्षणीही दुसऱ्याच्या हक्काचा कागद आपल्या वैराग्यापायी बुडवायचा नाही, हा विवेक येथे शाबूत आहे. शिवाय ज्यांची नावे त्या खतांवर होती त्या कुळांचे या नाशाने भलेच झाले, त्यांची देणी मिटली आणि त्यांच्या लाचारीची नोंद पुढे कोणाच्या हाती लागण्याची भीतीही संपली. कागदाचा नाश धर्म्य कधी ठरतो याच्या दोन कसोट्या या कथेतून हाती येतात. नाश करणाऱ्याचा त्या कागदावर हक्क असावा, ही पहिली, आणि कागदात ज्याचे नाव आहे त्याचे त्या नाशाने रक्षण व्हावे, ही दुसरी.

अग्नीने झालेल्या कागदाच्या नाशाचे महाराष्ट्राच्या इतिहासातले दोन ठळक प्रसंग याच्या शेजारी ठेवले, की अग्नीचा स्वभाव स्पष्ट होतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, आणि पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलेल्या या दंग्यांचा मुख्य रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून घेऊन ते जाळणे हाच त्यांचा हेतू होता, आणि त्या असंतोषाची दखल घेऊन सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुढे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन्ही ठिकाणी जाळणे ही जाहीर घोषणा होती, ज्वाळा सर्वांना दिसाव्यात हाच तिचा उद्देश होता, आणि अन्यायाचे लिखित साधन आपण मानत नाही हे सांगण्यासाठी अग्नीइतकी समर्थ भाषा दुसरी नव्हती. गोपनीय कागदाच्या बाबतीत मात्र गरज नेमकी उलट असते. तेथे काही जाहीर करायचे नसते, एक विश्वास निमूटपणे पूर्ण करायचा असतो, आणि घोषणेसाठी योग्य असलेले साधन विश्वासाच्या सांगतेसाठी योग्य असतेच असे नाही.

व्यवहारातही अग्नी वाटतो तितका खात्रीचा नसतो. कागदांचा गठ्ठा जळताना कडा आधी जळतात, आतल्या पानांना हवा मिळत नसल्याने ती नुसती करपतात, आणि करपलेल्या पानावरची छापील अक्षरे कित्येकदा तशीच वाचता येतात. हलकी पाने धगीबरोबर उडून शेजारच्या अंगणातही पडतात. कागदासोबत प्लास्टिकचे आवरण, गोंद आणि छपाईची रसायने जळतात, आणि हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचून राहते तेव्हा तो धूर गावावरच रेंगाळतो व दम्याच्या रुग्णाला, बाळंतिणीला, लहान मुलाला श्वासातून घ्यावा लागतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर टाकण्यास व जाळण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याकडून साध्या प्रकरणी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई घेण्याचा आदेश दिला. परंतु अग्नीविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. अग्नी घाई करतो, गठ्ठा न सोडता, एकही पान न पाहता सारे एका दमात स्वाहा करण्याची मुभा देतो, आणि त्यामुळे कोणता कागद कोणाचा आणि तो जाऊ द्यावा की राखावा हा विचार करण्याची वेळच हिरावून घेतो.

अग्नी नको तर पाणी, असे म्हणून पोथ्या, पत्रिका, देवांच्या तसबिरी आणि त्यांच्याबरोबर जुनी कागदपत्रेही नदीत किंवा तलावात सोडण्याचा मार्ग अनेकांना पवित्र वाटतो, आणि तुकोबांच्या कथेचा आधारही त्याला मिळाल्यासारखा वाटतो. पण इंद्रायणीत गेली ती हाताने केलेल्या कागदावर शाईने लिहिलेली थोडीशी खते होती. आजच्या छायाप्रतीवरील अक्षरे टोनरची, म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवलेल्या बारीक प्लास्टिकयुक्त भुकटीची असतात, ती पाण्यात विरघळत नाहीत, आणि पिशवीत बांधून सोडलेला गठ्ठा काठाला लागला की पुन्हा वाचता येतो. गोंदिया जिल्ह्यात तर तलाव हा गावाचा प्राण आहे. नवेगावबांधसारखे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या कौशल्यावर आणि मालगुजारांच्या काळापासून चालत आलेल्या, आज मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जलसाठ्यांवर येथली धानाची रोवणी पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली आहे. आग आणि पाणी यांच्या अशा वापराबाबत जैन दर्शनाने सर्वांत सूक्ष्म विचार केला आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हे ज्यांचे शरीर आहे अशा एकेंद्रिय जीवांना ते स्थावर जीव म्हणते, आणि म्हणून त्या दृष्टीने निष्कारण आग पेटवणे ही जशी हिंसा आहे तशीच निष्कारण पाणी नासवणे हीही हिंसाच आहे. हे तत्त्वज्ञान ज्याला मान्य नाही त्यालाही त्यातला व्यवहार पटण्यासारखा आहे, कारण स्वतःचे ओझे सामाईक हवेत किंवा सामाईक पाण्यात टाकणारा माणूस ते संपवत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो.

मग सांगता करावी कशी, याचे तत्त्व विसर्जनाच्या विधीतच सापडते. पार्थिव मूर्तीचे विसर्जन करण्यापूर्वी उत्तरपूजा केली जाते, म्हणजे प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत आवाहन केलेल्या देवतेला निरोप दिला जातो, आणि त्यानंतर उरते ती माती मातीला परत केली जाते. क्रम असा आहे, की सामर्थ्य आधी काढून घ्यायचे आणि द्रव्य नंतर सोडायचे. कागदालाही सामर्थ्य माणसांनीच दिलेले असते. धनादेशावर आडव्या रेघा मारून तो रद्द करणे, फेडलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावरून उतरवून घेणे, बंद खात्याचे पासबुक बँकेकडून रद्द करून घेणे, ही कागदाची उत्तरपूजाच होय. मात्र येथे मूर्ती आणि कागद यांच्यात एक भेद राहतो. निरोप दिल्यानंतर मूर्तीत देवत्व उरत नाही, पण रद्द झालेल्या कागदातही गुपित शिल्लक राहते, कारण फेडलेले कर्ज कधीकाळी घेतले होते ही गोष्ट रद्द होत नाही. फाडल्यानेही ते संपत नाही. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात यंत्राने पट्ट्या पट्ट्या केलेले दस्तऐवज इराणमध्ये पुन्हा जुळवून प्रसिद्ध करण्यात आले, आणि पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी १९८९-९० च्या सुमारास घाईघाईने हातांनी फाडलेल्या कागदांची सुमारे १६,००० पोती मागे राहिली व त्यांतले तुकडे जोडण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. म्हणून कागदाच्या सांगतेला तिसरी पायरी लागते, आणि ती म्हणजे अक्षर अक्षरापासून इतके वेगळे करणे की ते पुन्हा जुळू नये.

परंतु या तिन्ही पायऱ्यांच्या आधी विवेक हवा, म्हणजे राखायचे काय आणि सोडायचे काय याची निवड. गोंदियासारख्या जिल्ह्यात चुकीचा कागद नष्ट होण्याची किंमत नातवंडांना मोजावी लागते. जात पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराला १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदाराला १९६१ पूर्वीचे आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचे वास्तव्याचे व जातीचे पुरावे द्यावे लागतात. अशा वेळी आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला कागद किंवा जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल हीच मुलीच्या शिक्षणाची किल्ली ठरते. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराची नक्कल, वनहक्काचा दावा आणि मृत्यूचे दाखले हेही राखण्याचेच कागद आहेत. सोडण्याचे कागद म्हणजे काम झालेल्या छायाप्रती, चुकलेले अर्ज, बँकेची जुनी पत्रे, दुसऱ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि तपासणी होऊन नवीन वहीत उतरलेली दप्तरे. त्यांपैकी गटाचे किंवा भावकीचे कागद असतील तर सर्वांच्या संमतीनेच त्यांना हात लावावा, कारण कान्होबांचा वाटा बुडवण्याचा अधिकार तुकोबांनीही घेतला नाही.

निवड झाल्यावर पुढचे काम साधे पण धीराचे आहे. टाचण्या आणि प्लास्टिकची आवरणे काढून घ्यावीत, नाव, क्रमांक, सही आणि अंगठा असलेला भाग आधी आडवा-उभा फाडावा, आणि सारे तुकडे भांडी विसळलेल्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजत घालावेत. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचे एकमेकांना घट्ट धरून बसलेले जाळे असते आणि पाण्याने ती पकड सुटते. भिजलेला कागद हातांनी कुस्करला किंवा मुसळाने कांडला, की त्याचा लगदा होतो. टोनरची अक्षरे विरघळत नसली तरी त्यांच्याखालचे तंतूच सुटल्याने ती कणाकणाने विखुरतात, आणि मग त्यांची जुळणी अशक्य होते. हाताने लिहिलेल्या साध्या कागदाचा लगदा पालापाचोळा व शेण यांच्याबरोबर खताच्या खड्ड्यात चालतो, पण छायाप्रतींच्या लगद्यात प्लास्टिकचे कण असल्याने तो शेतात न घालता गोळे वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावा. एटीएमच्या आणि वजनकाट्याच्या चकचकीत पावत्या उष्णतेने काळे होणाऱ्या रसायनाचा लेप दिलेल्या कागदाच्या असतात, त्यांना भिजवू नये व खतातही घालू नये, बारीक कातरून वेगळ्या टाकाव्यात. महाराष्ट्रातल्या अनेक घरांतल्या आजीबाईंना या कामातला मुख्य भाग नवा नाही, कारण कागद भिजवून, मेथ्या घालून कांडून, पालथ्या भांड्यावर थापून त्याच्या टोपल्या करण्याची कला त्यांनी वर्षानुवर्षे जपली. विश्वासाने आलेल्या कागदाचा शेवटही उपयोगी वस्तूत व्हावा, याहून योग्य सांगता क्वचितच असेल.

या भूमिकेवर एक आक्षेप इतिहासाच्या बाजूने येऊ शकतो. कैरोतील बेन एझरा प्रार्थनामंदिरात ईश्वराचे नाव असलेला लिखित कागद नष्ट करू नये या ज्यू श्रद्धेने शतकानुशतके कागद साठवले गेले, त्यांत विवाहपत्रे, हिशेब आणि घरगुती पत्रेही होती, आणि एकोणिसाव्या शतकाअखेरीस त्यांतील मोठा साठा केंब्रिजला गेल्यानंतर मध्ययुगातील सामान्य माणसांचे जीवन, हिंदी महासागरातील व्यापारासह, जगाला कळले. सर्वच कागद नष्ट झाले असते तर ज्ञानाची ही हानी भरून निघाली नसती, हे मान्य केले पाहिजे. तथापि आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याचे पत्र वाचल्याने आज कोणाचे घर मोडत नाही, आणि मागच्या वर्षीच्या बचत गटाची वही वाचल्याने मोडू शकते. गुपिताची धार काळाने बोथट होते, म्हणून ज्या जुन्या कागदांतील माणसे आणि त्यांचे हितसंबंध काळाआड गेले आहेत ते अभिलेखागाराला किंवा अभ्यासकाला द्यावेत, आणि ज्यांची धार अजून लागते ते निःशेष करावेत, असा मध्यममार्ग उपनिधीच्या कल्पनेशी सुसंगत आहे.

दुसरा आक्षेप असा, की ही काळजी कायद्याने घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु तो कायदा डिजिटल माहितीपुरता आहे, आणि व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याने कक्षेबाहेर ठेवला आहे. पेटीतल्या कागदाकडे कोणी अधिकारी पाहायला येणार नाही, आणि प्रत्येक घरात त्याने यावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. जेथे दंडाची भीती नाही आणि पाहणारा कोणी नाही, तेथे माणूस दुसऱ्याच्या विश्वासाशी कसे वागतो यावरच त्याच्या धर्माची परीक्षा होते. म्हणून वर्षातून एकदा, उन्हाळ्यात शेतीची कामे थंडावलेली असताना, पेटी उघडून एकेक कागद हाती घेणे, तो कोणाचा आहे हे पाहणे, राखण्याचा राखणे आणि सोडण्याचा स्वतःच्या हातांनी भिजवून कुस्करणे, हे काम घरातील इतर नित्यकर्मांच्या बरोबरीचे मानले जावे आणि मुलांनाही शिकवले जावे. ज्या बाईने आपला अंगठा दुसरीच्या वहीत उमटवला, तिने त्या घरावर विश्वास टाकला होता, आणि तिच्या नावाची शेवटची ओळ लगद्यात विरेपर्यंत तो विश्वास सांभाळणे ही त्या घराची जबाबदारी आहे.